भुसावळच्या दफनभूमीतील इंग्रज खापरपणजी: तिच्या माहेरचा शोध कसा घ्यावा?

प्रश्न: गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांना नमस्कार. माझ्या आईच्या आईची आजी इंग्लंडहून आलेली होती, असे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. तिचा उल्लेख आमच्याकडे 'मडम माय' असाच होत असे. तिचा नवरा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीत त्यांचे बिऱ्हाड होते. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या पणजीने, मिशनच्या शाळेतील एका मराठी ख्रिस्ती मास्तरांशी लग्न केले. त्यानंतर एका पिढीतच घरातली इंग्रजी गेली आणि मराठी व अहिराणी तेवढी उरली.

माझ्या हाती तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे घरातील जुने इंग्रजी बायबल. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर पाच मुलांच्या जन्मतारखा शाईने लिहिलेल्या असून त्यांतील पहिली १८६९ ची आहे. दुसरी गोष्ट भुसावळच्या जुन्या दफनभूमीतील तिच्या थडग्याचा दगड. त्यावर मृत्यूचे वर्ष १८९७ आणि वय ५२ एवढे स्पष्ट वाचता येते. तिसरी गोष्ट ऐकीव आहे: ती लँकेशायरची होती आणि प्लेगने गेली, असे आजी सांगत असे. नाव व आडनाव येथे उघडपणे लिहीत नाही, कारण आडनाव लावणारी मंडळी हयात आहेत. पण दोन्ही इतकी सर्वसाधारण आहेत की संकेतस्थळांवर शोध घेतला की इंग्लंडात त्या वर्षी जन्मलेल्या त्याच नावाच्या मुलींची रांगच समोर उभी राहते.

तिचे आईवडील कोण, गाव कोणते आणि ती येथे कोणाबरोबर आली, हे शोधण्यासाठी सुरुवात कोठून करावी? इंग्लंडातील जन्मनोंदीच्या दाखल्यासाठी पैसे भरण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर: जुने दप्तर (नाशिक)

ताई, इंग्लंडातील जन्मदाखल्याचे पैसे तूर्त भरू नका. ज्या आडनावाने आपण जन्मनोंद शोधत आहात ते तिच्या माहेरचे आहे, याला आपल्या प्रश्नात कोठेही आधार दिसत नाही. थडग्यावर येते ते शेवटच्या नवऱ्याचे आडनाव, आणि त्या काळच्या रेल्वे वसाहतीत शेवटचा नवरा हाच पहिला असेल असे गृहीत धरता येत नाही. पटकी, ताप आणि रुळांवरचे अपघात यांमुळे ड्रायव्हर, फायरमन आणि फिटर तरुणपणी मरत. पदरी मुले असलेल्या विधवेला कंपनीचे घर सोडावे लागे, आणि त्यामुळे वर्षभराच्या आत पुनर्विवाह होणे ही तेथे नित्याची बाब होती. म्हणून प्रवास उलटा करावा लागतो: आधी मृत्यू, मग मुलांचे बाप्तिस्मे, मग तिचा विवाह (किंवा एकाहून अधिक विवाह), आणि जन्म सर्वांत शेवटी.

ही कागदपत्रे आपल्याकडे वाटते त्यापेक्षा चांगली टिकली आहेत. मुंबई इलाख्यातील चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधील सरकारी खात्याच्या, दप्तरात आहेत. बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२ आणि मुंबईची एन/३. त्यांची बरीचशी सूची 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, आणि नोंदींच्या पानांची छायाचित्रे 'फाइंडमायपास्ट' या सशुल्क संकेतस्थळावर आहेत. शिवाय १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' या संस्थेचा विनामूल्य शोधसंग्रह आहे. त्यात वृत्तपत्रे, थडगी आणि रेल्वे यांसंबंधीच्या नोंदीही मिळतात.

आपण खान्देशातील आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भुसावळ मुंबई इलाख्यात होते, तेव्हा नोंद एन/३ मध्ये मिळायला हवी. परंतु ड्रायव्हरचे आयुष्य एका इलाख्यात मावत नसे. भुसावळहून एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि दुसरा खांडव्यावरून १८७० मध्ये जबलपूरला जाऊन ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला. एखादे मूल खांडवा किंवा बडनेरा येथे जन्मले असेल तर ते मध्य प्रांतात वा वऱ्हाडात जन्मले, आणि त्याची नोंद दुसऱ्या मालिकेत सापडू शकते. तिन्ही मालिका चाळल्याशिवाय 'नोंद नाही' असे म्हणू नये.

त्यातही विवाहाची नोंद सर्वांत मोलाची. तिच्यात वधू कुमारिका की विधवा हे लिहिलेले असते आणि वधूवरांच्या वडिलांची नावे असतात. विधवेच्या पुनर्विवाहाच्या नोंदीत तिचे स्वतःचे आडनाव पहिल्या नवऱ्याचे येते, पण वडिलांच्या रकान्यात माहेरचे आडनाव उघड होते. साक्षीदारांची नावेही उतरवून घ्या. परमुलखात लग्नाला उभा राहिलेला साक्षीदार पुष्कळदा भाऊ, बहीण किंवा मेव्हणा असतो.

आता बायबलविषयी. मुखपृष्ठामागच्या पानावर छपाईचे वर्ष पाहा आणि जन्मनोंदी एकाच शाईत, एकाच हाताने लिहिल्या आहेत का, ते सांगा. दगडही पुन्हा एकदा वाचा. त्या काळी अक्षरांत शिसे ठोकून भरत. शिसे निघून गेले तरी ते पकडून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोके राहतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्या भोकांवरून अक्षर ओळखता येते. मात्र खडू, राख किंवा तारेचा ब्रश अजिबात वापरू नका. पाण्याने भिजवलेला मऊ कपडा आणि एक आरसा पुरे.

उत्तर: धुळेकर

वरील प्रतिसादाला स्थानिक पुस्ती जोडतो. लंडनला गेली ती नक्कल. मूळ नोंदवही चर्चकडेच राहिली. अँग्लिकन चर्चच्या जुन्या वह्या १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या ताब्यात आल्या, तर कॅथलिक असल्यास त्या त्यांच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतील कार्यालयात, असतात. रेल्वे वसाहतीत दोन्ही पंथांचे लोक होते, तेव्हा बायबलच्या आवृत्तीवरून आणि दफनभूमीतील विभागावरून पंथ आधी ठरवावा. नक्कल करणाऱ्या कारकुनाने आडनाव चुकवले असेल, तर ते मूळ वहीतच सुधारून मिळते.

मडम मायची नोंद गावच्या कोतवाल बुकात मिळण्याची शक्यता मला फारशी वाटत नाही. पणजीची मात्र शोधून पाहा. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल काढण्याचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. त्याच अर्जाने पणजीच्या मुलांच्या जन्माची आणि तिच्या मृत्यूची नोंद मागता येईल. जुने कागद मागताना जिल्ह्याचे नाव जपून लिहा. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्यालय धुळे होते. पूर्व आणि पश्चिम खान्देश त्यानंतर झाले. १८८० चा खान्देश गॅझेटियर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात बसून वाचता येईल, परंतु त्यात भुसावळच्या वसाहतीचे वर्णन मिळेल, ड्रायव्हरच्या बायकोचे नाव नव्हे.

जाता जाता: अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारे मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारले, त्यांचे दफनही भुसावळलाच झाले. त्यांच्या थडग्याला भेट देणारे येतात, छायाचित्रे घेतात आणि शेजारच्या दगडांकडे न पाहता परत जातात. त्यांच्या छायाचित्रांच्या कडेला आपला दगड अधिक चांगल्या अवस्थेत टिपला गेला असण्याची शक्यता आहे, म्हणून जुनी छायाचित्रेही पाहावीत.

गिरणाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बायबल पुन्हा पाहिले. छपाईचे वर्ष १८७४ आहे. पहिल्या तीन मुलांच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच सफाईदार वळणाने लिहिलेल्या आहेत. शेवटच्या दोन नोंदींची शाई फिकट असून हस्ताक्षर वेगळे, काहीसे अडखळत काढलेले आहे. दगडाच्या तळाशी भोकांची एक ओळ भाच्याने आरशाने उजेड पाडून वाचली. ती 'अमुक याची पत्नी' अशी आहे आणि तिथले आडनाव माझ्या पणजीच्या विवाहाच्या दाखल्यावर असलेल्या तिच्या वडिलांच्या आडनावापेक्षा निराळे आहे. आजी सांगत असे की मडम मायचे 'दुसरे साहेब' जळगावच्या कापसाच्या जिनात यंत्रे पाहत. आम्ही मुले त्याचा अर्थ 'दुसरी नोकरी' असा लावत असू.

उत्तर: जुने दप्तर (नाशिक)

मग चित्र बरेच स्पष्ट झाले. पहिल्या तीन नोंदी १८७४ नंतर एका बैठकीत लिहिलेल्या आहेत, म्हणजे त्या आठवणीवरून किंवा आधीच्या कागदावरून उतरवलेल्या आहेत. १८६९ ही तारीख बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय पक्की धरू नका. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाची जन्मतारीख, आईवडिलांची नावे, वडिलांचा हुद्दा आणि राहण्याचे ठिकाण असते. पाचही मुलांच्या नोंदी ओळीने लावल्या, तर पहिला नवरा कोणत्या वर्षानंतर दिसेनासा होतो हे समजेल आणि त्याची दफननोंद शोधण्याचा काळ आवळता येईल. दफननोंदीत बहुधा मृत्यूचे कारणही लिहितात. मुंबईत प्लेग १८९६ मध्ये सुरू झाला, म्हणून १८९७ च्या मृत्यूला घरोघरी प्लेग चिकटतो; खरे कारण काय ते वहीत पाहावे.

हस्ताक्षराचा मुद्दाही हाताळून पाहा. विवाहाच्या मूळ वहीत वधूची सही किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली असते. लंडनच्या नकलेत सह्यासुद्धा कारकुनाच्याच हातच्या असल्यामुळे ही तुलना फक्त चर्चमधील वहीवरून करता येते. तिने फुली काढली असेल, तर ती सफाईदार अक्षरे पहिल्या नवऱ्याची किंवा चॅप्लेनची (वसाहतीच्या पाळकाची) असू शकतात आणि अडखळती मात्र नंतर लिहायला शिकलेल्या तिची स्वतःची.

उत्तर: लँकेशायरवासी

मी मूळचा अमळनेरचा, सध्या मँचेस्टरजवळ राहतो आणि येथील अभिलेखागारात हौसेने बसतो. इंग्लंडच्या बाजूचे सांगतो, मात्र ते वडिलांचे नाव हाती आल्यानंतरच उपयोगी पडेल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. आपली खापरपणजी १८४५ च्या सुमाराची, म्हणजे नोंदणीच्या काळातली. तथापि जन्म न नोंदवल्यास दंड होण्याची तरतूद १८७४ च्या कायद्यापर्यंत परिणामकारक नव्हती, त्यामुळे त्या काळातील काही जन्म नोंदीविना राहिले आहेत. तसे झाले असल्यास पॅरिशमधील बाप्तिस्म्याची वही पाहावी लागते. थडग्यावरील वय दोन-तीन वर्षांनी इकडेतिकडे असणे नेहमीचेच, म्हणून १८४२ ते १८४८ असा पट्टा धरा. जनरल रजिस्टर ऑफिसच्या आजच्या ऑनलाइन सूचीत आईचे माहेरचे आडनावही दिलेले असते, आणि त्याचा फायदा असा की वडिलांचे व आईचे आडनाव जोडून तिची भावंडेही एकत्र काढता येतात.

त्यानंतर जनगणना. येथे दर दहा वर्षांनी घरोघरची नावनिशीवार यादी होत असे आणि ती टिकली आहे. १८४१ च्या यादीत प्रौढांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि जन्मगाव नाही. १८५१ पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी नाते, धंदा आणि जन्माचे पॅरिश मिळते. आपली खापरपणजी १८५१ मध्ये सुमारे सहा वर्षांची आणि १८६१ मध्ये सोळा वर्षांची असायला हवी. एकसारख्या नावांच्या मुलींमधून ती ओळखण्याचा मार्ग वजाबाकीचा आहे. प्रत्येक मुलगी १८७१ च्या यादीत किंवा इंग्लंडातील विवाह वा मृत्यूच्या नोंदीत सापडते का, ते पाहायचे. जी तेथेच राहिली ती आपली नव्हे. हे काम नेटाचे आहे, तांदूळ निवडण्यासारखे. पण मनाला भावलेली पहिलीच मुलगी उचलून वंशवृक्षात बसवणाऱ्यांनी संकेतस्थळांवरील वंशवृक्षांची जी दशा केली आहे ती पाहता दुसरा उपाय नाही. इतरांचे तयार वंशवृक्ष पुरावा म्हणून घेऊ नका.

लँकेशायर ही आठवण मला पटण्यासारखी वाटते, पण तिच्यावर कथा रचू नये. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात येथील गिरण्यांना कापूस मिळेना आणि कामगारांवर उपासमार ओढवली. त्याच वर्षांत आपल्या खान्देशातील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. त्यामुळे 'गिरणी बंद पडली म्हणून मुलगी कापसाच्या मुलखात आली' अशी गोष्ट सुचते. प्रत्यक्षात त्या वयाची मुलगी लग्न करून, वडील किंवा भावाबरोबर, वाग्दत्त वर मुंबईत असल्यामुळे, किंवा एखाद्या साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याच्या नोकरीवर आली असणार. विवाह इंग्लंडात झाला असेल तर त्याच्या दाखल्यावर वडिलांचा धंदाही मिळेल. वाग्दत्त वधू जहाजातून उतरल्यावर थोड्याच दिवसांत मुंबईतील चर्चमध्ये विवाह करीत, म्हणून भुसावळच्या आधी मुंबईच्या वह्या पाहा.

प्रवासाबाबत अपेक्षा माफक ठेवा. इंग्लंडहून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सरकारी याद्या १८९० पासूनच्याच उपलब्ध आहेत. त्याआधीची नावे 'ॲलन्स इंडियन मेल' किंवा मुंबईच्या वृत्तपत्रांतील आगमनाच्या यादीत मिळतात, परंतु तेथे अधिकाऱ्यांची नावे छापत आणि खालच्या वर्गातील प्रवासी बहुधा बिननावाचेच राहत. ती १८६९ पूर्वी आली असेल तर सुएझ कालवा अजून खुला झालेला नव्हता. अलेक्झांड्रियाला उतरून खुष्कीने सुएझला जायचे आणि पुन्हा जहाज धरायचे, किंवा शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून काही महिने काढायचे, हे दोनच मार्ग होते. ड्रायव्हरची भरती कंपनीने इंग्लंडात करार करून केली असेल, तर त्याचा मागोवा इंडिया ऑफिसच्या रेल्वे दप्तरात लागण्याची आशा आहे, आणि बरेचदा नवऱ्याचा करार हाच बायकोच्या प्रवासाचा एकमेव कागद असतो.

उत्तर: चिकित्सक (पुणे)

कोणाचेही मन दुखवण्याचा हेतू नाही, परंतु ती इंग्लंडहून आली होती हेच अद्याप सिद्ध झालेले नाही. रेल्वेतील गोऱ्या नोकरांनी ज्या मुलींशी विवाह केले त्यांतील पुष्कळशा येथेच जन्मलेल्या होत्या: लष्करातील युरोपियन शिपायांच्या मुली, तसेच युरोपियन वडील आणि भारतीय आई यांच्या मुली. बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने १८१५ पासून अशा अनाथ मुलामुलींसाठी शाळा चालवल्या, त्या पुढे भायखळ्यास होत्या. नंतरच्या पिढ्यांत 'इंग्लंडहून आलेली' असे सांगणे सोयीचे आणि प्रतिष्ठेचे झाले. म्हणून १८४२ ते १८४८ या काळातील मुंबईचे बाप्तिस्मेही तितक्याच गंभीरपणे तपासावेत. भारतातील जनगणनेचे घरवार कागद जपलेले नसल्यामुळे येथे तो मार्ग बंद आहे.

आपल्या बाबतीत एक चाचणी नेमकी लागू पडते. आपण, आई, आजी, पणजी आणि ती, अशी ही साखळी अखंड मातृवंशाची आहे. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए आईकडूनच मुलांकडे जातो, त्यामुळे तिचा मातृवंश आज आपल्या रक्तात जसाच्या तसा तपासता येतो. तो दक्षिण आशियाई निघाला, तर तिच्या मातृवंशाचे मूळ इकडचे ठरेल. युरोपीय निघाला, तर मात्र ती इंग्लंडात जन्मली असे सिद्ध होणार नाही, कारण युरोपीय मायबापांच्या मुली पुण्यात आणि कुलाब्यातही जन्मत होत्या. नेहमीच्या सर्वसाधारण चाचणीत खापरपणजीचा वाटा सरासरी सोळावा हिस्सा येतो, आणि त्यातून इंग्लंडातील दूरचे चुलत-मावस नातेवाईक जुळले तर कागदांना जोड मिळते.

गिरणाकाठ

मन दुखावण्याचे काहीच कारण नाही. ती भायखळ्याच्या शाळेतील निघाली तर तीही आमचीच माय. उलट माझ्या मावशीला हा प्रश्न आधीपासून पडलेला आहे, कारण आजीच्या सांगण्यात लँकेशायर होते तसे मडम मायला उत्तम हिंदुस्तानी येत असल्याचेही होते. चाचणीचा विचार मावशी आणि मी मिळून करू. त्याआधी १८९७ ची दफननोंद आणि १८७४ च्या आसपासचा पुनर्विवाह शोधते. चर्चकडे अर्ज करताना नेमके काय मागावे, एवढे कोणी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर: धुळेकर

ताई, केवळ 'दाखला' मागू नका. दाखल्याच्या छापील नमुन्यात नाव, तारीख आणि पाळकांची सही एवढेच उतरवून देतात; मृत्यूचे कारण, साक्षीदार आणि समासातील शेरे त्यात येत नाहीत. वहीच्या संपूर्ण पानाचे छायाचित्र घेण्याची लेखी परवानगी मागा आणि पुढचे-मागचे पानही पाहू देण्याची विनंती करा. अर्जात दोन्ही आडनावे, मृत्यूचे वर्ष, नवऱ्यांचे हुद्दे आणि आपले नाते लिहा, सोबत दगडाचे छायाचित्र जोडा. रविवारी उपासनेनंतर पाळकांना निवांत वेळ नसतो, तेव्हा आधी फोन करून आठवड्यातील मधला दिवस मागून घ्या आणि वह्या कपाटातून काढायला मदत म्हणून भाच्याला बरोबर न्या.